वाऱ्याला वाट हवी

प्रिय दोस्ता,



तुझा रविवारचा लांबलचक आवाजी निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. तुझी एम.एम. ५४० जीप कुंभार्ली घाटात गरम होते, वरच्या टप्प्यात पाणी फेकते, मिस्त्री म्हणतात रेडिएटर मोठा टाका, आणि तो तुला अ‍ॅल्युमिनियमचा, इकडून, अमेरिकेतून मागवायचा आहे. सांगशील त्या दिवशी पाठवतो, पैशांचं मध्ये आणू नकोस. पण त्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. ज्या दुखण्याबद्दल तू विचारतोस त्याच्यामागे मी सध्या हात धुऊन लागलो आहे, आणि रेडिएटरच्या आकारावर लोक जेवढा पैसा घालतात त्याच्या निम्मं लक्ष त्यांनी हवेच्या वाटेकडे दिलं तर कितीतरी इंजिनं वाचतील, असं माझं ठाम मत झालं आहे.

माझ्या नव्या गाडीबद्दल तुला सांगायचं राहूनच गेलं. नवी म्हणजे मला नवी, आहे १९८४ची. टोयोटाची फोर बाय फोर पिकअप, आपण जिला हायलक्स म्हणतो ती. अमेरिकेत तिला नुसतं ‘पिकअप’ म्हणूनच विकलं. १९८५पर्यंतच्या ह्या गाड्यांना पुढेही अखंड अ‍ॅक्सल असतो, म्हणून खडकांवर चढवणारे लोक अजून त्या शोधत फिरतात. मूळ इंजिन २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं, ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. आधीच्या मालकाने ते काढून शेवरोलेच्या ट्रकमधलं ५.३ लिटरचं व्ही-एट बसवलं, ३७ इंची टायर चढवले, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच, ग्रिलसमोर दिव्यांची पट्टी. गाडी दिसते झकास. आणि खडकात शिरली की तापते.

हिशेब तूही जाणतोस. जाळलेल्या पेट्रोलमधली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते, एक तृतीयांश धुराबरोबर, आणि उरलेली बहुतेक पाण्यात उतरते. म्हणजे जेवढी ताकद वापराल साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरने बाहेर टाकायची. ताकद जवळपास तिप्पट झाली, पण नाकाडावरची हवा आत यायची भोकं होती तेवढीच राहिली. हे बघून कुणीही म्हणेल, रेडिएटर वाढवा. आधीच्या मालकाने तेच केलं होतं. बसेल तेवढा मोठा, दोन रांगांचा, रुंद नळ्यांचा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर आणि शिवाय ७१ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट. तरी गाडी तापतच होती, आणि कंटाळून त्याने ती विकली.

मी पहिलं काम केलं ते पाना न उचलता. गाडी घेऊन बेकरकडे गेलो. बेकर हे लास व्हेगासच्या वाटेवरचं वाळवंटातलं छोटं गाव. तिथे १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे, १९९१मध्ये बांधलेला. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, त्याची आठवण म्हणून अंशाला एक फूट. त्या गावातून पूर्वेला हॅलोरन समिटकडे महामार्ग लांबच लांब चढत जातो. उन्हाळ्यात त्या चढावर बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्या हमखास दिसतात, आपल्या खंबाटकीला पूर्वी ट्रक थांबायचे तशाच. भर दुपारी, पूर्ण दाबून, ११०च्या वेगाने मी तो चढ चढलो. काटा ढिम्म. मग खाली उतरून ड्यूमाँटच्या वाळूच्या टेकड्यांत शिरलो, लो रेंज, चाकं रुतताहेत, इंजिन ओरडतंय, वेग माणसाच्या पळण्याएवढा. थोड्याच वेळात काटा वर.

ह्या एका दिवसात निदान झालं. महामार्गाच्या चढावर व्ही-एटची सगळी उष्णता जो रेडिएटर बाहेर टाकू शकतो तो लहान नाही. त्याला तिथे समोरून फुकटचा वारा मिळत होता. वाळूत तो वारा नव्हता, आणि वाऱ्याची जागा घ्यायला जे काही बसवलं होतं ते कामाचं नव्हतं.

हे तू तुझ्या जीपवर आधी पडताळून बघ. सावकाश चालताना किंवा उभी असताना तापते आणि हायवेला शांत असते, तर दोष हवेचा: पंखा, त्याच्याभोवतीचं आवरण म्हणजे काउलिंग, हवेची ये-जा. उलट, उभी असताना ठीक आणि हायवेला पळवली की तापते, तर दोष पाण्याचा: गच्च भरलेल्या नळ्या, झिजलेला वॉटर पंप, किंवा खालचा होज पाइप. पंप खालच्या पाइपातून पाणी ओढतो. पाइपाच्या आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर जास्त वेगात पाइप आतल्या आत चपटा होतो आणि पाणी अडतं. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत तो पुन्हा गोल झालेला असतो, म्हणून कुणाला दिसत नाही. तू म्हणालास की साताऱ्यापर्यंत काटा हलत नाही आणि घाटात दुसऱ्या गिअरला चढतो. माझ्या मते तुझं दुखणं माझ्याच जातीचं आहे.

आता माझ्या गाडीत काय निघालं ते ऐक. त्या सुंदर, महागड्या रेडिएटरवर दोन चपटे विजेचे पंखे होते, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी थेट जाळीला बांधलेले. पंखा जाळीला चिकटलेला असला की तो फक्त स्वतःच्या वर्तुळापुरती हवा ओढतो. कोपरे, दोन वर्तुळांमधली जागा, वरची पट्टी, सगळं मेलेलं. काउलिंग असतं ते ह्यासाठी: पंखा जाळीपासून जरा मागे राहतो आणि मधल्या बंदिस्त जागेतून जाळीच्या सगळ्या अंगातून हवा ओढली जाते. पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्यालाही हे तितकंच लागू आहे. तुझ्या जीपचं काउलिंग जागेवर आहे का रे? जुन्या जीपांचं काउलिंग कधीतरी रेडिएटर काढताना उतरतं आणि कुठल्यातरी गॅरेजच्या कोपऱ्यात राहून जातं. त्यानंतर पात्यांची टोकं हवा नुसती गोल घुसळत बसतात. काउलिंग असेल तर पाती साधारण अर्धी आत, अर्धी बाहेर आहेत का तेही बघ.

माझ्याकडे इंजिन एवढं लांब की पंपावरचा पंखा बसायला जागाच नाही. म्हणून भंगारवाल्याकडून फोर्ड टॉरसचा पंखा आणला. इकडच्या जुन्या गाड्यांच्या मंडळींत ह्या पंख्याला फार मान आहे: पात्यांचं एकच मोठं चक्र, दोन वेग, आणि काउलिंग त्याच्या अंगाबरोबरच येतं. पण वीज सणसणीत खातो, आणि चालू होताना तर एकदम झटका घेतो. खडकावर चढताना इंजिन आठशे-नऊशे फेऱ्यांवर असतं, तेवढ्यावर अल्टरनेटर पूर्ण वीज देत नाही. तारा बारीक असतील तर पंख्यापर्यंत विजेचा दाब आणखी कमी पोहोचतो आणि ज्या क्षणी तो सगळ्यात जास्त हवा असतो त्याच क्षणी सुस्त फिरतो. म्हणून जाड तारा, भक्कम रिले, आणि कमी फेऱ्यांवरही भरपूर वीज देणारा अल्टरनेटर.

पंखा बसला तरी मी तिथे थांबलो नाही. गाडी चालू ठेवून, पंखा फिरता ठेवून, उदबत्ती घेतली आणि रेडिएटरच्या कडेकडेने फिरवली. बाजूच्या फटीपाशी, वरच्या पत्र्याखाली, धूर इंजिनाकडून पुढे येत होता आणि वळून पुन्हा जाळीत शिरत होता. एकदा तापलेली हवाच रेडिएटर परत परत पीत होता! गाडी पळत असताना समोरचा वारा ही हवा मागे रेटतो, पण उभ्या गाडीत ती बिनबोभाट फिरत राहते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि दाट फोम लावून चारी बाजू बुजवल्या. खर्च नगण्य, आणि पंख्याच्या खालोखाल फरक ह्याच कामाने पडला. हे तू करच, उदबत्ती तर घरात आहेच.

मग दुसरी बाजू. घरात वारा खेळायला समोरासमोर दोन खिडक्या लागतात, एक उघडी ठेवून भागत नाही. व्ही-एटने टोयोटाचं पोट इतकं भरलंय की आत आलेल्या हवेला बाहेर पडायला जागाच नव्हती. इकडे बरेच जण बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर टाकून ते काचेच्या बाजूने उचलतात. खडकात रांगताना गरम हवा तिथून वर निघते, हे खरं. पण वेगात गाडीच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे हायवेला तीच फट उलटी चालते, हवा आत ढकलते. योग्य जागा रेडिएटरच्या लगेच मागची. तिथे बॉनेटवर वेगातही दाब कमी असतो आणि उभ्या गाडीत गरम हवा आपोआप वर चढते. मी तिथे झडपांच्या दोन पट्ट्या कापून बसवल्या. पावसाचं पाणी आत पडतं. मोजावेच्या वाळवंटात ते चालतं, पण तुमच्याकडे कोयनेच्या पावसात खाली इग्निशनचं काही नाही ना हे बघून मगच कापायचं. तुझं तर डिझेल आहे, तुला ती धास्ती कमी.

दिव्यांची पट्टी टपावर नेली. विंच ठेवली, पण थोडी खाली घेतली. ग्रिलसमोर ठेवलेली प्रत्येक वस्तू वाऱ्याची वाट अडवते, आणि गाडी सजवणारे सगळी सजावट नेमकी तिथेच करतात, ह्याचं मला खरोखर वाईट वाटतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलरही रेडिएटरच्या पुढ्यात होता. कमी वेगात टॉर्क कन्व्हर्टर तेल नुसतं घुसळतो, ते भयंकर तापतं, आणि ती सगळी ऊब आधी रेडिएटरच्या तोंडावर. तो कूलर मागे हौद्याखाली नेला, स्वतःच्या छोट्या पंख्यासकट. तुला मॅन्युअल गिअर, त्यामुळे हे प्रकरण सोड.

तू जॉन्सन व्हॅलीच्या शर्यतीचे व्हिडिओ पाहून विचारलंस की रेडिएटरच मागे नेला तर? ती ‘किंग ऑफ द हॅमर्स’ शर्यत २००७पासून इथे दरवर्षी होते. तिथल्या कित्येक गाड्यांचे रेडिएटर मागे असतात हे खरं आहे. पुढून आदळणाऱ्या खडकांपासून आणि चिखलापासून ते वाचतात, आणि मागे हवी तेवढी मोठी जागा मिळते. पण त्या बदल्यात समोरचा वारा पूर्ण सोडावा लागतो, सगळा भार पंख्यांवर येतो, लांब पाइप टाकावे लागतात, हवा अडकायच्या जागा वाढतात. ज्या गाडीने बाजारातही जायचंय तिला हे नको. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीत लिहिलेल्या मूळ घडणीशी विसंगत बदल चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. म्हणून इंजिन बदलायचा तुझा जो विचार मध्येच डोकावला, तो आर.टी.ओ.त नीट विचारल्याशिवाय पुढे नेऊ नकोस. मूळ इंजिन थंड ठेवणं जास्त मोलाचं आहे.

थर्मोस्टॅटबद्दल मिस्त्रींशी थोडं भांडावं लागेल तुला. ते म्हणतील काढूनच टाका. थर्मोस्टॅट इंजिन किती थंड राहावं ह्याची फक्त खालची मर्यादा ठरवतो. आतलं मेण वितळून तो पूर्ण उघडला की पुढे त्याचं काम संपलं. त्यानंतर ७१चा काय, ८२चा काय, रेडिएटर जेवढं टाकू शकतो तेवढंच टाकणार. माझा ७१चा काढून ८२चा टाकला आणि खडकातल्या तापण्यात काडीचा फरक नाही. उलट अजिबात नसेल तर इंजिन सकाळी कितीतरी वेळ गारठलेलं राहतं आणि सिलिंडर झिजतात. ‘पाणी फार वेगाने फिरलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’ हेही ऐकशील. ते बरोबर नाही. पाणी वर्तुळातच फिरतंय. रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबतं तसं ते इंजिनातही कमी वेळ थांबतं, आणि वेगाने फिरलेलं पाणी एकंदरीत जास्त उष्णता नेतं.

माझ्याकडे पाण्याच्या बाजूचाही एक दोष निघाला. ह्या शेवरोले इंजिनांच्या हेडवर वाफ बाहेर काढायची छोटी तोंडं असतात. ती बारीक नळीने रेडिएटरच्या वरच्या अंगाला जोडायची असतात. बसवणाऱ्याने ती बुचं मारून बंद केली होती. मग हेडच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकते, तेवढ्या जागी पाणी धातूला टेकतच नाही, आणि काटा काही सांगायच्या आत गॅस्केट जातं. नळी जोडली. नंतर गाडी चढावर, नाक वर करून लावली, हीटर उघडा ठेवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो. कूलंट बदलशील तेव्हा तूही जीप चढावरच लाव.

बोअरचं पाणी मात्र कृपा करून घालू नकोस. त्यातले क्षार नळ्यांत बसतात आणि मग मिस्त्री मोठा रेडिएटर मागतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मे-निम्मे. निळं, हिरवं, केशरी एकमेकांत मिसळायचं नाही, गाळ होतो. आणि कूलंट जास्त घातलं तर बरं असंही नाही. उष्णता वाहून न्यायला पाण्याइतकं चांगलं काही नाही. कूलंट आहे ते गोठू नये, गंजू नये आणि उशिरा उकळावं म्हणून.

उकळण्यावरून तुझ्या लडाखच्या बेताबद्दल. खारदुंग ला ही खिंड पाटीवर लिहिली आहे तेवढी उंच नाही, मोजलेली उंची सुमारे ५,३५९ मीटर. पण तेवढ्यावरही हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, आणि उघड्या भांड्यात साधं पाणी ८२-८३ अंशांना उकळतं. म्हणजे जिथे थर्मोस्टॅट उघडायचा तिथेच उकळी! तिथे रेडिएटरच्या झाकणावर सगळी मदार. १५ पीएसआयचं चांगलं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा तिथे ११०च्या थोडं पुढे उकळेल, निम्म्या कूलंटचं मिश्रण त्याहून वर. रबर फाटलेलं झाकण घेऊन वर गेलास तर तुझा काटा मधोमध असतानाच गाडी पाणी फेकेल. विरळ हवा रेडिएटरमधून उष्णताही कमी नेते. निघण्यापूर्वी झाकण नवीन घे, पण जीपला नेमून दिलेल्या दाबाचंच. जास्त दाबाचं घेशील तर जुन्या रेडिएटरच्या शिवणी उसवतील.

डेथ व्हॅलीत टाउन पासकडे जो रस्ता चढतो तिथे एसी बंद करा अशा पाट्या आहेत आणि कडेला रेडिएटरसाठी पाण्याच्या टाक्या ठेवल्या आहेत. गाडीचा काटा चढायला लागला की काय करायचं ते तिथे चांगलं शिकायला मिळतं. एसी बंद, हीटर पूर्ण उघडा, कारण तोही एक लहान रेडिएटरच आहे. खालचा गिअर, म्हणजे पंप आणि पंखा जोरात फिरतात. वारा पाठीमागून असेल तर जागा बघून गाडी वळव आणि नाक वाऱ्याकडे कर; पाठीमागचा वारा आणि घाटातला गाडीचा वेग सारखा झाला की रेडिएटरपुढची हवा थबकते. मग न्यूट्रल करून फेऱ्या थोड्या वाढवून ठेव. तरीही काटा चढतच राहिला किंवा वाफ आली, तर लगेच बंद. झाकणाला हात लावायचा नाही, आणि तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतायचं तर मुळीच नाही. हेडला तडा जातो.

तुमच्या पावसात आणखी एक. लाल चिखल जाळीत वाळला की सगळी मेहनत फुकट. धुताना इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धू. समोरून जोराचा फवारा मारलास तर चिखल आत घट्ट बसेल आणि पत्रे वाकतील. आणि ओढा ओलांडताना पाणी पंख्यापर्यंत येणार असेल तर ग्रिलसमोर ताडपत्री बांध. पाण्यात फिरणारी पाती पुढे वाकून रेडिएटर कापतात, इकडे असे रेडिएटर पाहिलेत मी.

रेडिएटर आत्ता मागवू नकोस. आधी हे पाठव: काउलिंगचे फोटो, दोन बाजूंनी. पंख्याच्या टोकांपासून काउलिंगचं अंतर. वरच्या आणि खालच्या होजचं तापमान, इन्फ्रारेड गन मिळाली तर. घाट चढून थांबल्याबरोबर लगेच घेतलेलं, नंतरचं उपयोगाचं नाही. जाळीवरही ती गन फिरव, एखादी उभी पट्टी बाकीपेक्षा गार लागली तर तिथल्या नळ्या बंद आहेत, आणि मग मी माझं म्हणणं मागे घेऊन रेडिएटर पाठवतो. झाकणावरचा आकडाही वाचून कळव.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच

ता. क. साध्या डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नकोस. पुष्कळ गाड्यांत तो मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. एक वेगळा, अंशांचे आकडे दाखवणारा मीटर घे आणि त्याचा सेन्सर रेडिएटरमध्ये न बसवता हेडच्या पाण्यात बसव. पाणी संपलं तर रेडिएटरमधला सेन्सर हवेचं तापमान दाखवत राहतो.